दीनानाथ मास्तरांचा थॉमस

मार्गासनी मागं टाकून गुंजवणीच्या काठानं वर चढत गेलं की डोंगराच्या पोटाशी एक वाडी लागायची. थोडे उंबरे, वाघजाईचं बुटकं दगडी देऊळ आणि देवळाच्या पडवीतच भरणारी संस्थानची शाळा. दीनानाथ मास्तर बायकोला घेऊन तिथं राहायला आले, तेव्हा वाडीला वाटलं, या माणसानं भोरला काहीतरी गुन्हा केला असणार. नाहीतर चांगल्या घरचा बामण या रानात कशाला येईल?

गुन्हा काही नव्हता. वडील गेले, पुण्याचं कॉलेज अर्धवट सुटलं आणि जी नोकरी मिळाली ती मास्तरांनी धरली. पण कॉलेजच्या त्या दोन वर्षांत पुण्यातून एक गोष्ट त्यांच्याबरोबर आली होती, ती मात्र सुटली नाही. ती म्हणजे थॉमस.

झालं होतं असं. कॅम्पात एक म्हातारे स्विस पाद्री होते. त्यांना मराठी शिकायचं होतं आणि मास्तरांना शिकवणी हवी होती. पाद्रीबाबांना बाजारहाटाचं मराठी नको होतं. ते म्हणत, “मी माझ्या मनातली वस्तू सांगतो, तुम्ही माझी चूक काढा.” आणि त्यांच्या मनात थॉमसशिवाय दुसरं काही नव्हतं. सातशे वर्षांमागं इटली देशात होऊन गेलेला हा साधू. अंगानं आडवा, बोलायला कमी. बरोबरीचे त्याला मुका बैल म्हणायचे. त्या मुक्या बैलानं पुढं एवढं लिहून ठेवलं की त्यांच्या पंथात आजही पाद्री व्हायचं तर त्याच्या अंगणातूनच जावं लागतं.

“बुद्धी देवाची मुलगी,” पाद्रीबाबा एकेक शब्द चाचपत म्हणायचे. “श्रद्धा पण देवाची मुलगी. बहीण-बहीण भांडेल, तर बाप काय म्हणेल?”

“आणि भांडल्याच तर?” दीनानाथानं एकदा विचारलं.

“खरं नाही भांडत. आपल्याला दिसते. मग समजायचं, गणित आपलं चुकलं. परत करायचं.”

दीनानाथाला त्या वयात याची फार गरज होती. घरी संध्या आणि सोवळं, कॉलेजात देव नाहीच म्हणणारी पोरं, आणि मधे हा एकटा. देवावरची माया सुटत नव्हती आणि विचार करणंही थांबवता येत नव्हतं. सातशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या माणसानं येऊन त्याला सांगितलं, की दोन्ही ठेव, काही टाकायला नको. तहानेल्याला पाणी मिळावं तसं ते झालं. त्यानं एकदा भीत भीत विचारलंसुद्धा, “तुम्हाला मला बाटवायचं नाही का?” पाद्रीबाबा हसून म्हणाले, “आधी मला मराठी येऊ द्या.”

मास्तर बाटले नाहीत. कपाळाचं गंध गेलं नाही, देवघर गेलं नाही. फक्त देवापुढं बसले की मनाशी म्हणायचे, सत्याला सत्याचं भांडण नसतं.

भोरला गेले की बालमित्र आनंदराव वकील त्यांची फिरकी घ्यायचे. “दीना, तुझ्या त्या पाद्र्यानं एका खिशात देव ठेवलाय अन् दुसऱ्यात तर्क. जपून चाल, दोन्ही खिसे फाटके आहेत.”

“तू तुझा एकच खिसा सांभाळ,” मास्तर म्हणायचे.

वाडीत आल्यावर त्यांनी थॉमसला धोतर नेसवलं. थॉमसचं नाव न घेता ते त्याचंच सांगत. बुद्धी म्हणजे सर्व्हिस मोटार. ती नसरापूरपर्यंत आणून सोडते. तिथून तोरण्यावर जायचं तर पायी, ती श्रद्धा. पण मोटार काही उलट्या वाटेला नेत नाही, रस्ता एकच. लोकांना हे आवडायचं. कधी फजितीही व्हायची. जग हलतंय म्हणजे कुणीतरी पहिलं हलवणारा असलाच पाहिजे, हे थॉमसचं म्हणणं ते एकदा पारावर समजावत होते.

“गाडी कोण ओढतं?”

“बैल,” सोनबा म्हणाला. शाळेच्या शेजारचंच घर त्याचं.

“बैलाला कोण हाकतं?”

“मी.”

“आणि तुला?”

“सगुणा.” लोक हसायला लागले.

“बरं, सगुणेला?”

“तिला आमची आई. अन् ठकुबाईला कुनी हाकलंय व्हय आजवर? तितंच संपतं बगा मास्तर!”

ठकुबाई तिथंच बसली होती. तिनं सोनबाच्या पाठीत गुद्दा घातला, पण ती खूश झाली. मास्तरही पोट धरून हसले. घरी येऊन बायकोला म्हणाले, “नलू, आज वाडीत पहिला चालक सापडला.”

सगुणा त्यांच्याकडं दूध घालायची. दुधाचं भांडं ओट्यावर ठेवलं की उभ्या उभ्याच नलूशी बोलत राहायची आणि घरून सासूची हाक आली की, “आले, आले,” म्हणून आणखी थोडा वेळ थांबायची. तिची लेक मास्तरांच्या शाळेत बिगरीत होती. वाडीतली शाळेत येणारी ती पहिली मुलगी. सगुणेनंच सासूशी भांडून तिला बसवली होती.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी ओढ्यावर गेलेली सगुणा हात धरून पळत आली. झुडपातून एक कोल्हं सरळ तिच्या अंगावर आलं होतं. मनगटाचा लचका तोडला, वर्मी काठी बसली तरी सोडीना, मग झोकांड्या देत रानात गेलं. ठकुबाईनं जखमेत तिखट भरलं. सोनबा धावत मास्तरांकडं आला.

मास्तरांना क्षणभरही शंका आली नाही. दिवसाउजेडी माणसावर चालून येणारं, झोकांड्या देणारं कोल्हं पिसाळलेलंच. “सोनबा, गाडी जुंप,” ते म्हणाले. “नसरापूरला मोटार धरू. पुण्याला मोठ्या दवाखान्यात पोटात सुया देतात. वेळेवर दिल्या तर माणूस वाचतं. मी येतो बरोबर.”

सोनबानं गाडी जुंपली. नलूनं भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली. सगुणा डोक्यावर पदर घेऊन गाडीत चढून बसली. सुयांची भीती होती, पण पुणं बघायला मिळणार याचं थोडं कौतुकही होतं. लेकीला म्हणाली, “तुला परकर आनते.”

एवढ्यात ठकुबाई आडवी आली. “आईला इचारल्याबिगर गाडी हालायची न्हाई. आमच्यात कंदी झालं न्हाई.”

वाडीत काहीही मोठं करायचं तर वाघजाईला कौल लावायचा. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भांडणं, सगळी या दोन पाकळ्यांवर सुटायची.

सोनबानं मास्तरांकडं पाहिलं. कासरा त्याच्या हातात होता. मास्तरांनी नुसतं “हाक” म्हटलं असतं तर त्यानं ठकुबाईला बाजूला सारून बैल हाकले असते. पुढं कितीतरी वर्षं मास्तरांना तो कासराच दिसत राहिला.

पण मास्तर “हाक” म्हणाले नाहीत. त्यांना त्या क्षणी वाटलं, आपण ज्यासाठी एवढी वर्षं बोलत आलो ते आज सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. सुया खऱ्या आहेत. देवीही खरी आहे. मग देवी हो म्हणेल, दुसरं काय म्हणेल? आणि एकदा ती हो म्हणाली, की या वाडीतला कुणीही पुन्हा दवाखान्याला घाबरणार नाही. त्यांना आनंदच झाला, आणि त्या आनंदाची पुढं त्यांना स्वतःला कधी क्षमा करता आली नाही.

“लावा कौल,” ते मोठ्यानं म्हणाले. “आई सांगेल तेच डॉक्टर सांगेल. दोन्ही एकाच घरचे.”

ज्ञानू गुरव भला माणूस. तो ओल्या अंगानं आला. त्यानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. “आये, सगुणीला पुन्याला न्ह्यायची का? न्ह्यायची आसंल तर उजवी दे. न्हाई तर डावी.”

बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. डावी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

“पुन्हा लावून बघू,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, आईला दोनदा इचारत न्हाईत,” ज्ञानू अवघडून म्हणाला.

“तुमीच म्हनला न्हवं, दोनी एकाच घरचे?” ठकुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिचा जीव खरंच भांड्यात पडला होता. “आई न्हाई म्हन्ती म्हंजे कोल्हं साधं आसंल. पोरीला उगा सुया कशाला?”

सोनबानं विचारलं, “काय करू मास्तर? तुमी म्हनाल तसं.”

आणि मास्तरांनी गणित परत करायला घेतलं. पाद्रीबाबांनी शिकवलं होतं तसंच. भांडण दिसलं म्हणजे चूक आपली. मग कुठं चुकलो? कोल्हं पिसाळलेलंच होतं हे कशावरून? मेलेलं कुणी पाहिलंय? कापणीनं रान उघडं पडलं, बिथरलं असेल. पिल्लं असतील जवळ. काठी बसल्यावर झोकांडी कुठलंही जनावर देईल. एकेक पायरी उतरत ते खाली आले आणि शेवटी त्यांना पटलं की आपणच घाई केली. माणसाला जे हवं असतं ते पटवून देणारी बुद्धी फार मिठ्ठास बोलते.

“राहू दे, सोड गाडी,” ते म्हणाले.

सगुणा गाडीतून उतरली. “बरं झालं बाई,” ती नलूला म्हणाली, “सुयांनी पोटात गोळाच आला व्हता.” बांधलेली भाकरी दोघींनी ओट्यावर बसून खाल्ली.

जखम भरली. सगुणा मळणीला गेली, दूध घालू लागली, सासूशी भांडू लागली. वाडीत मास्तरांचा मान वाढला. शिकलेला असून आईपुढं वाकला, असं लोक म्हणायचे. ठकुबाईनं नव्या भाताचे तांदूळ पाठवले. मास्तर भोरला गेले तेव्हा त्यांनी आनंदरावांना सगळं सांगितलं. “बघ, मी म्हणत नव्हतो?”

आनंदराव नेहमीसारखे हसले नाहीत. “दीना,” ते म्हणाले, “अजून थोडे दिवस जाऊ देत.”

पौषात एका सकाळी सगुणा दूध घेऊन आली नाही. नलू बघायला गेली, तर सगुणा भिंतीकडं तोंड करून बसली होती. मनगट ठणकतंय, घसा आवळल्यासारखा वाटतोय, म्हणाली. नलूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी नुसतं दिसलं आणि सगुणेचा गळा असा आत ओढला गेला, की नलूच्या हातातून तांब्या सुटला.

मास्तर आले. दारात उभे राहिले आणि त्यांना कळलं. आता सुयांचा काही उपयोग नव्हता. एकदा पाण्याचं भय शिरलं की संपलं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेवढं एक गणित त्यांनी परत केलं नव्हतं.

सगुणा शुद्धीवर होती. या दुखण्यात तेच वाईट, मधे मधे माणूस अगदी शहाणं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मास्तर, आता न्ह्या की मला पुन्याला. आता मी न्हाई म्हनत सुयांना.”

मास्तर दारातून आत आले.

“कौल न्हाई मागायची मी,” ती म्हणाली. “आत्याबाईंना सांगा. बिनकौलाचंच न्ह्या. आन् पोरीला माज्यापास्नं लांब ठेवा. मी चावले-बिवले तर.”

उपयोग नाही हे माहीत असून मास्तरांनी गाडी जुंपायला लावली. यावेळी ठकुबाई आडवी आली नाही. ती उंबऱ्यात मटकन बसली होती. वारा अंगावर आला की सगुणेला झटका यायचा, म्हणून गाडीला चहूबाजूंनी घोंगड्या बांधल्या. आत सोनबा तिला धरून बसला, मास्तर पुढं कासरा घेऊन. आयुष्यात कधी गाडी न हाकलेला माणूस. बैल त्यांचं ऐकेनात. मार्गासनीजवळ रस्ता नदीच्या कडेला येतो. पाण्याचा आवाज घोंगड्यांतून आत गेला. त्या आवाजानं सगुणेचं जे झालं ते लिहायला नको. नसरापूर आलंच नाही. मार्गासनीच्या पुढं एका वडाखाली मास्तरांनी बैल थांबवले, कारण आतून सोनबाची हाक आली, “मास्तर, राहू द्या आता.”

दिवस-कार्य झालं. कुणी मास्तरांना एका शब्दानं बोललं नाही. आईनं दिली, आईनं नेली, असं लोक म्हणाले. मास्तरांना वाटत होतं, कुणीतरी अंगावर धावून यावं, शाळेला कुलूप लावावं, वाडीतून हाकलून द्यावं. तसं काही झालं नाही. ठकुबाई नातीला शाळेत सोडायला यायची आणि मास्तरांनाच म्हणायची, “तुमी जेवत जा ओ, किती वाळलाय.”

शेवटी ते पुण्याला गेले. पाद्रीबाबा आता फार थकले होते, बागेत खुर्चीवर बसून असायचे. मराठी मात्र साफ झालं होतं. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, “माझं गणित कुठं चुकलं? तुम्ही सांगितलं तसंच केलं मी.”

पाद्रीबाबांनी त्यांना शेजारच्या बाकावर बसवलं. मग म्हणाले, “थॉमसनं यावरही लिहिलं आहे.”

“कशावर?”

“कौलावर. त्याच्या काळीही लोक चिठ्ठ्या टाकून देवाला विचारत. तो म्हणतो, माणसाच्या हातात उपाय असताना तो बाजूला ठेवून देवाकडं खूण मागणं म्हणजे देवाची परीक्षा बघणं. ते पाप आहे. देवानं बुद्धी दिली, तिथंच त्याचं उत्तर आलं.”

मास्तर म्हणाले, “हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तुमचं कॉलेज सुटलं. आपण तिथपर्यंत पोचलोच नव्हतो, दीनानाथ.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मास्तरांचा हात धरला. “ऐका. मरायच्या थोडं आधी थॉमसनं लिहिणं सोडून दिलं. म्हणाला, मी लिहिलं ते सगळं गवताची काडी. इतका मोठा माणूसही...”

“त्याला काहीतरी दिसलं असेल, फादर,” मास्तर म्हणाले. “म्हणून त्याला बाकीचं काडीसारखं वाटलं. मला काय दिसलं? सगुणेचा गळा दिसला.” आणि हात सोडवून घेऊन ते उठले.

परतताना एकच गोष्ट त्यांनी ठरवली. सोनबाला खरं सांगायचं. देवीचा दोष नाही, कोल्ह्याचा नाही, मी हाक म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. त्याला मारायचं असेल तर मारू दे. निदान एका माणसाजवळ तरी खरं असेल.

सोनबा खाचराचा बांध घालत होता. मास्तर त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. “सोनबा, कौल लावायला नको होता. चूक माझी. मी तुला गाडी हाक म्हणायला हवं होतं.”

सोनबानं फावडं खाली ठेवलं. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. “म्हंजे,” तो हळू म्हणाला, “गाडी हाकली आसती तर ती वाचली आसती? कासरा तर माज्याच हातात व्हता, मास्तर.”

मास्तरांनी हे धरलंच नव्हतं. सगळा दोष आपण उचलायचा, एवढंच त्यांनी योजलं होतं. आपण उचललेल्या दोषाखाली हा माणूसही सापडेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. सोनबा त्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या घरात लहान लेक होती आणि पुढं सगळा जन्म होता.

“नसती वाचली,” मास्तर म्हणाले. “मी पुण्याला विचारून आलो. विष फार होतं. सुया देऊनही नसती वाचली.”

सोनबाच्या अंगातलं काहीतरी सैल पडलं. तो बांधावर बसला आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. मग डोळे पुसत म्हणाला, “तरीच आईनं डावा दिला. उगा तिचे हाल नगं म्हनून. आईला ठावं व्हतं, न्हाई मास्तर?”

“हो,” मास्तर म्हणाले.

ही गोष्ट वाडीभर झाली. पुण्याच्या डॉक्टरनंच सांगितलं म्हणे, कौल खरा होता.

मास्तर त्या शाळेवर पुढंही कितीतरी वर्षं राहिले. बदली मागितली नाही, पारावर बसणं मात्र सोडलं. देवघरातला दिवा नलूच लावायची. ते समोर बसायचे, पण ओठ हलायचे नाहीत. कुणाला कुत्रं चावलं, सापाचं पान लागलं, बाळंतीण अडली की ते सगळ्यांच्या आधी धावत जायचे आणि ओरडायचे, “गाडी जुंपा, आधी गाडी जुंपा!” कधी कुणी जुंपायचं. बहुतेक वेळा लोक त्यांना दंडाला धरून प्रेमानं देवळात न्यायचे आणि देवीसमोर, अगदी पुढं बसवायचे.

“बसा मास्तर,” ठकुबाई म्हणायची, “तुमी आसलात की आई खरं सांगती.”

आणि ज्ञानू गुरव पाकळ्या ओल्या करायला लागायचा.